मोशे बसला तो भाद्रपद

काल नातवाने फोनवर दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "आजी, नवा सण बारा दिवसांवर आला. दरफलनी एकविसाव्या दिवशी. पुढच्या पन्नास वर्षांच्या तारखा काढून देऊ?" म्हटलं, "पन्नास वर्षांच्या घेऊन काय लोणचं घालू? मले यंदाची पुरे." तो हसत गेला. मग माझं लक्ष भिंतीवरच्या दुसऱ्या कॅलेंडरकडे गेलं. यंदा अधिक महिना आहे, म्हणून पोळा आणि आमचा नवा सण एकाच अमावस्येला लागून आलेत. चौकातल्या दुकानात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रांगेनं मांडलेत. त्यांचा रंग अजून ओला असावा, खिडकीत वास येत होता. त्या वासाबरोबर मी एकदम नऊ वर्षांची झाले, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे यहुदी. यवतमाळात आम्हाला शनवारवाले म्हणायचे, कारण शनिवारी आमची माणसं हातोडीला हात लावत नसत. आमचं वर्ष नव्या सणाला सुरू होतं आणि दहाव्या दिवशी दरफलनी येते. दारं लावून, पांढरं नेसून, पाण्याचा घोटही न घेता देवाजवळ माफी मागायचा तो दिवस. पण देव असा की, आधी माणसांची माफी मागून या म्हणतो. म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघर जायचं, एकमेकांच्या बोटांना बोटं लावायची आणि आपली बोटं ओठांना टेकवायची. आम्ही त्याला हातबोशी म्हणतो. भांडण असो नसो, त्या संध्याकाळी सगळ्यांशी हातबोशी करायची.

माझं आणि शेजारच्या शमीमचं यंदा भांडण आहे. जूनपासून बोलणं बंद. तिच्या पोरानं आमच्या शेवग्याची फांदी छाटली, विचारलंसुद्धा नाही, आणि वर ती म्हणाली, "झाडच तं हाय." झाडच! ऐंशी वर्षांची मैत्री आणि माझ्या शेवग्याला झाडच! मी मनाशी म्हटलं होतं, आता दरफलनीच्या आदल्या संध्याकाळीच बघू. हे वाक्य माझं नाही, माझ्या बाबांचं आहे. त्या वाक्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

लढाईची वर्षं होती. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या मागे आमची सहा घरांची गल्ली. अलिबागकडून कधीकाळी सुतार, फिटर म्हणून आलेली माणसं. जिनिंगचं यंत्र सुरू असलं की घरातली भांडीसुद्धा थरथरायची, आणि आई म्हणायची, "चला, चूल पेटणार." त्या वर्षी यंत्र आठवड्यातून दोनच दिवस सुरू व्हायचं. इकडचा आखूड धाग्याचा कापूस जायचा जपानला. जपानशीच लढाई जुंपली, जहाजं थांबली, आणि गेल्या हंगामाचा कापूस अंगणात डोंगर होऊन पडून राहिला. गंमत बघा, कापसाच्या डोंगराला टेकून माणसं धोतराच्या पानासाठी रांगेत उभी असायची. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर. पण आम्हा पोरांची काय मजा! सरकीचा तो तेलकट गोड वास, नाकात गेलेला कापूस, आणि त्या डोंगरावरून घसरणं. मी आणि शमीम इतक्या घसरायचो की संध्याकाळी आमच्या वेण्या पांढऱ्या झालेल्या असत. शमीमचे वडील हमीदचाचा बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. आम्हाला बघून ते ओरडायचे, "आ गयी दोनो बुढिया!" आता खरंच दोघी बुढिया आहोत, आणि बोलत नाही.

माझे बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. शमुवेल मिस्तरी. माणूस सोन्यासारखा, पण राग वर्षभर मुरत ठेवायचे. ओरडणार नाहीत, भांडणार नाहीत. नुसतं बोलणं बंद. मग दरफलनीच्या आदल्या संध्याकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून निघायचे आणि एका फेरीत सगळ्यांना माफ करून मोकळे व्हायचे. एक दिवस आधी नाही की एक दिवस नंतर नाही. आई म्हणायची, "तुम्हाला माफीसुद्धा पंचांग बघून सुचते." त्यावरही ते तीन दिवस बोलले नव्हते.

त्या वर्षी बोलणं बंद होतं ते दानीकाकाशी. दानीकाका बाबांचा धाकटा भाऊ, वीस-एकवीस वर्षांचा, आमच्याच घरात वाढलेला. मरताना माझ्या आजीनं त्याचा हात बाबांच्या हातात दिला होता. शनिवारी प्रार्थना झाली की गल्लीतले सगळ्यांत म्हातारे एलोजीआजोबा पेपर वाचून दाखवायचे. तिकडे युरोपात आपल्या लोकांना घरातून ओढून नेतात, हे वाचताना त्यांचा आवाज खाली यायचा. एका शनिवारी दानीकाका उठून म्हणाला, "आणि मी इथं बंद यंत्राला तेल घालत बसू?" सोमवारी जाऊन तो पलटणीच्या कारखान्यात फिटर म्हणून नाव घालून आला. बाबांना विचारलं नाही.

काका लढाईहून परत आला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. चांगला नव्वदीपर्यंत जगला आणि माझ्या हातच्या माशाला नावं ठेवत राहिला. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं! बाबांनी ऐकलं, हातातला घास ताटात ठेवला आणि काकाशी बोलणं टाकलं. मग एका खोलीत दोघं समोरासमोर जेवत बसायचे आणि मी मध्ये.

"रुते, तुझ्या काकाला सांग, पाय पुसून घरात यावं."

"रुते, तुझ्या बाबाला सांग, पुसलेत."

मी निरोप न पोचवता जेवत राहायचे. दोघांनाही ऐकू येतच होतं.

काकानं दोनदा माफी मागून पाहिली. बाबा भिंतीला म्हणाले, "दरफलनीच्या आदल्या संध्याकाळी बघू." काकाला पलटणीत हजर व्हायला निघायचं होतं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. आईनं आजोबांना विचारलं, "दरफलनी कधी येते?" आणि तिथं घोटाळा निघाला. कॅलेंडरच नव्हतं.

आमच्या सणांचं छापील कॅलेंडर मुंबईहून टपालानं यायचं. सहा घरांत मिळून एक, आजोबांच्या दाराजवळ खिळ्याला. त्या पावसाळ्यात चले जावच्या चळवळीत रूळ उखडले जात होते, तारा तुटत होत्या, टपालाचा पत्ता नव्हता. नवं आलंच नाही. आणि जुन्याची उरलेली पानं हमीदचाचांच्या बकरीनं खाल्ली होती. खिळ्यासकट ओढून. चाचा येऊन आजोबांच्या पायऱ्यांवर डोक्याला हात लावून बसले. "आजोबा, बकरी मेरी, गुनाह मेरा. तुमचा चांद मी पाह्यतो. चांद पाह्यन्यात आपला हात कोनी धरनार नाही."

पण चंद्र कोणत्या महिन्याचा पाहायचा? आजोबांना अख्ख्या प्रार्थना तोंडपाठ, महिन्याचा हिशेब मात्र नाही. ते म्हणाले, "त्यात काय गो! गेली दोन वर्षं आपला नवा सण घट बसतात तेव्हाच आला. यंदाही तेव्हाच." म्हणजे दरफलनी दसऱ्याला. म्हणजे काका गेल्यावर तीन आठवड्यांनी. आईचा चेहरा पडला.

दोन दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. भाकऱ्या करपल्या, शुक्रवारच्या दिव्याच्या वाती वाकड्या वळल्या. तिसऱ्या दिवशी पोळा. गावात बैलांच्या गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड, आणि आजोबांच्या ओसरीवर तान्ह्या पोळ्याचे बैल. आजोबा सुतार. गावातल्या निम्म्या पोरांचे लाकडी बैल तेच करायचे, म्हणून पोळ्याला आमच्या यहुदी ओसरीवर ही गर्दी! त्या गर्दीत आई माझ्या तान्ह्या भावाला, मोशेला, कडेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, नवा सण आताच आहे. याच अमावस्येवर."

"गणपतीबरोबर नवा सण? कधी ऐकलंयस?"

"हा मोशे चैत्रात, बिनखमिराच्या भाकरीच्या सणाला झाला. होय ना? माझी रुतीही त्याच सणाला झालेली. आणि रुतीच्या पहिल्या नव्या सणाला ती पहिल्यांदा बसली. मी इथंच, या ओसरीवर, तिला खिरीच्या पातेल्याजवळ बसवलं होतं. इकडच्या पंचांगात यंदा अधिक महिना घुसलाय, म्हणून इकडचे सण महिनाभर मागं पडले; आपल्यात कशावरून घुसला? मोशे बसायला लागला, म्हणजे नवा सण आला."

ओसरी हसली. आजोबाही हसले आणि आईला म्हणाले, "सारे, तुझं पोर म्हणजे काय कॅलेंडर गो?"

बाबा मात्र हसले नाहीत. ते नियमाचे. हळूच म्हणाले, "पण ते बसतं का?"

"बसतं की!" आई म्हणाली.

तर ऐका. मोशे बसत नव्हता. गोल, गुबगुबीत, आळशी पोर. बसवलं की डावीकडे कलंडायचा आणि तिथंच खुशाल पडून अंगठा चोखायचा. आदल्या दुपारी आईनं गोधडीच्या एका टोकात कापूस ठासून भरला होता. कापसाला काय तोटा! आणि मला जवळ घेऊन म्हणाली होती, "रुते, तू त्याच्या मागं बसायचं. अंगडं घट्ट धरायचं. आणि तोंड बंद." मी विचारलं, "आई, हे खोटं नाही?" ती म्हणाली, "आहे. त्याची माफी मी दरफलनीला मागेन. आधी दरफलनी तर येऊ दे."

गोधडी अंथरली. कापसाचा उंचवटा मोशेच्या डाव्या अंगाला. मी मागे, माझा परकर पसरून, हात त्याच्या अंगड्यात. सगळी गल्ली वाकून बघतेय, हमीदचाचा, शमीम, बैल न्यायला आलेली पोरं. मोशे बसला. एक, दोन, तीन... आजोबा मोजायला लागले. सातावर मोशेला लाल रंगाचा बैल दिसला. तो असा काही पुढे झेपावला की माझ्या हातातलं अंगडं टर्रकन उसवलं. माझे डोळेच मिटले. उघडून बघते तर पोर बैलाचं शिंग दोन्ही हातांनी धरून, त्याला टेकून, ताठ बसलेलं! शमीम टाळ्या पिटत ओरडली, "बसला! बसला!" आजोबा विसापर्यंत मोजून थांबले. "बसला बुवा," ते म्हणाले, "नवा सण आला."

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी हमीदचाचा कापसाच्या डोंगरावर चढले. मागे आम्ही दोघी. ढगच ढग. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलो. पश्चिमेला एक फट पडली आणि त्यात नखाएवढा चंद्र. चाचा वरूनच ओरडले, "भाभी! चांद आला! तुमचं साल मुबारक!" आणि आनंदाच्या भरात कापसात कमरेपर्यंत रुतले. त्यांना ओढून काढायला बाबा आणि काका दोघंही धावले. दोघांनी एकेक हात धरून ओढलं, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. बाबांच्या रागाला मी मनातून हात जोडले.

त्या वर्षीचा नवा सण कसा झाला म्हणून सांगू! गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधावाचून केला, साखरेऐवजी गूळ, आणि तो इतका चिवट झाला की आजोबांचा शेवटचा दात हलला. शेजारी गणपतीची आरती, ओसरीवर आमची प्रार्थना, दोन्हीकडचे एकमेकांसाठी थोडं थांबायचे. आई मोदकांच्या ताटावर हलवा ठेवून परत पाठवायची. मोशे सगळ्यांच्या मांडीवरून फिरत होता. लोक त्याला बसवून बघायचे आणि तो कलंडायचा. आई घाईनं म्हणायची, "दमलाय हो."

मग दरफलनीची आदली संध्याकाळ. बाबा पांढरा सदरा घालून गल्ली फिरून आले. सगळ्यांशी हातबोशी झाली. घरात येऊन खाटेवर बसले. काका घरातच होता. तो उठला, बाहेर गेला, आणि आमच्याच दारावर बाहेरून थाप मारली. आई चुलीशी थिजली. बाबांनी दार उघडलं. काका उंबऱ्याबाहेर दोन्ही हात पुढे करून उभा. बाबांनी हात पुढे केले. त्यांच्या बोटांच्या रेघांतलं यंत्राचं काळं तेल कधीच निघायचं नाही, आंघोळीनंही नाही. काकाचीही बोटं तशीच. बोटांना बोटं लागली, ओठांना टेकली. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बाबा त्याच्याकडे बघून बोलले.

"पाय पुसलेस का?"

काका त्याच उंबऱ्यावर खाली बसून ढसाढसा रडला. बाबाही. मग आईही, आणि मोशे भुकेनं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काका दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसला. बाबांनी आपला आवडता पाना त्याला दिला. ती गाडी इतकी हळू चालायची की बाबा बराच वेळ तिच्या बरोबरीनं चालत, खिडकीला हात लावून, सूचना देत राहिले. पलटणीत नट कसे आवळायचे, पोट बिघडलं तर काय खायचं, सगळं. दोन महिन्यांचं साठलं होतं.

पुढे दसरा गेला. पहिली बोंडं फुटली. कापसाला गिऱ्हाईक नसलं तरी पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवायचा तो लोकांनी ठेवलाच. आणि एका बुधवारी पोस्टमननं आजोबांच्या हातात एक मळकं पुडकं ठेवलं. मुंबईचं कॅलेंडर! गल्ली गोळा झाली. आजोबांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. "महिना बरोबर," ते म्हणाले. "सारे, महिना अगदी बरोबर! एका दिवसानं चुकलो, तो ढगांचा दोष." चाचा छाती फुगवून म्हणाले, "सांगितलं नोतं? ढग होते!"

बाबांनी मोशेला उचलून डोक्यावर घेतलं. "माझं पोर कॅलेंडर! छापखान्याआधी सांगितलं यानं!" जिनिंगच्या फाटकापर्यंत मिरवून आणलं. येईल जाईल त्याला सांगत होते. आई दारात उभी राहून बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. बाबा आत आले तशी ती म्हणाली, "अहो, तो बसत नव्हता."

"कोण?"

"मोशे. मी गोधडीत कापूस भरला होता. रुतीनं मागून धरलं होतं. मला काही माहीत नव्हतं महिना कोणता ते. मला एवढंच माहीत होतं की भावजी जाणार, आणि तुम्ही वाट बघत बसणार. मी खोटं बोलले. देवाजवळ माफी मागितली त्या दिवशी. तुमच्याजवळ नाही मागितली."

बाबांनी मोशेला खाली ठेवलं. हातात कॅलेंडर होतं. मी मनात मोजलं. आत्ता दसरा झालेला, पुढची दरफलनी यायला जवळजवळ वर्ष. म्हणजे वर्षभर "रुते, तुझ्या आईला सांग". माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मीही सामील होते, म्हणजे माझ्याशीही बोलणं बंद.

बाबांनी कॅलेंडर उघडलं नाही. खिळ्यालाही अडकवलं नाही. खाटेवर ठेवलं, आणि तेलकट काळी बोटं आईपुढे केली.

आई बघतच राहिली. "अहो, आज काय आहे?"

"बुधवार," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून बाबांचं माफीचं पंचांग मोडलं. राग यायचाच, स्वभाव कुठे जातो? पण फार तर तीन दिवस टिकायचा. मोशे यथावकाश बसला, उभा राहिला, ठाण्याला गेला. काका आला तेव्हा पाना परत घेऊन आला आणि दारातच पाय पुसले.

आज सकाळी दूध पुन्हा तापवलं, चहा घेतला आणि शेजारचं दार वाजवलं. शमीमनं उघडलं. डोळ्यांवर जाड चष्मा, पांढरी वेणी. त्या कापसातून निघायची तश्शी. मी दोन्ही हात पुढे केले. तिला हातबोशी काय नवीन? ऐंशी वर्षं करतेय माझ्याशी. पण ती चमकली.

"काहून वं रुते, तुया सणाले तं अजून टाइम हाय ना? आज काय हाय?"

"बुधवार," मी म्हटलं.

खरं तर गुरुवार होता. पण शमीमनं बोटं पुढे केलीच होती.